बर्फावरचे भाऊबंद

समुद्राचं नाव काढलं की तो आधी दोन्ही हात काखेत दाबायचा. वैशाखाचं ऊन असो, अंगावर घामाच्या धारा असोत, हात काखेतच. मग म्हणायचा, "सांगतो, पण मधात बोलू नका." आणि आम्ही मधात बोलायचोच. न बोलता ऐकायला आम्ही काय देवळातले दगड होतो?

तो आमचा शेजारी. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली त्याची आणि त्याच्या थोरल्या भावाची धानाची शेती. पण ह्याचा पाय चिखलात टिकला नाही. गोंदियाच्या ठेसनावर इंजिनात कोळसा भरायला गेला, तिथून कलकत्त्याला आणि तिथून थेट जहाजाच्या भट्टीपुढे. इंग्रजांचं राज्य होतं, पहिली मोठी लढाई नुकतीच संपली होती. पुष्कळ वर्षं त्याचा पत्ताच नव्हता. मायनं आशा सोडली, तेव्हा हा एका दुपारी कोणाच्या तरी बैलगाडीतून उतरला आणि म्हणाला, "माय, भात हाय का?" जसा काही बांधावरूनच आला होता!

समुद्र ओलांडला म्हणून जातीच्या पंचांनी त्याचं डोकं भादरलं, तलावात बुचकळून काढलं आणि सगळ्या जातीला जेवण घालायला लावलं. झाला शुद्ध. मायनं त्याचा पाट भावाच्या पाटाला लावून मांडला. दोघं भाऊ जेवत आणि ती समोर बसून नुसती पाहत राही.

संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर यायचा. त्याचं जहाज म्हणे पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, देवमासे मारणाऱ्या लोकांसाठी कोळसा घेऊन गेलं होतं. तिथे चारी बाजूंनी बर्फ आवळत आला आणि जहाज अडकलं.

"तिथं सील नावाचं जनावर," तो सांगे. "आपल्या तलावातल्या ऊदमांजरावाणी, पण म्हशीएवढं. एकाच बर्फावर तीन जातीचे सील. चेहरामोहरा तोच, तिघं चुलतभाऊच समजा. एक निस्ते लाल झिंगे खाते. दुसरा खोल बुडी मारून मासे खाते. तिसऱ्याले भेटन ते चालते."

"मंग झिंगे कोणाचे, मासे कोणाचे, हे ठरवलं कोणं? तलाठ्यानं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"मधात बोलू नका. झिंग्याचा सुकाळ आला का तिघंही झिंगेच खाते. त्याच पाण्यात. पोट भरलं का त्याच बर्फावर पसरते. कोणी कोणाले उठवत नाही."

"भाऊ भाऊ असून भांडण नाई? बाप्पा!"

"तसं नाही. तो तिसरा कधी कधी चुलतभावाचं पिलूच खाऊन टाकते."

ओटाभर हशा पिकला. "मंग तर आपलेच भाऊबंद!" कोणीतरी ओरडलं. तो मात्र हसला नाही. "भट्टीतून वर आलो का त्यायलेच पाहत बसो," तो म्हणाला. "दादाची लय याद ये."

जहाजावरचं धान्य सरलं तेव्हा सगळ्यांनी सील मारून खाल्ले. त्यानंही खाल्ला. हे त्यानं लपवलं नाही. लपवायचं असतं हे त्याला सुचलंच नाही. जहाजाजवळ एक मादी पिलाला दूध पाजत असे, तिचे डोळे वासरावाणी होते, हेही त्यानं तसंच सांगून टाकलं.

त्याच दिवसांत थोरल्याच्या मुलीचं लग्न तिरोड्याकडे ठरलं होतं. गोष्टीला पाय फुटले आणि ती वरपक्षाच्या कानावर गेली. वासराच्या डोळ्याचं, दूध पाजणारं जनावर खाल्लं आणि आता घरच्या पंगतीला बसतो! पंच पुन्हा बसणार होते. मासा असेल तर प्रश्नच नव्हता, मासे आम्ही सगळेच खातो. जनावर असेल तर सगळं घर जातीबाहेर आणि लग्न मोडलं.

थोरला भाऊ आमच्या ओट्यावरच त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "मासा म्हण. येवढंच म्हण, माया बापा. पोरगी रडून राहिली."

"दादा, मासा दूध पाजते का?"

"मले कायले विचारतं? पंचायले नको विचारू म्हंजे झालं!"

मलाही राहवलं नाही. "भाऊजी, मासा म्हटल्यानं तिकडचा सील काही भांडायला इकडे येणार नाही."

तो माझ्याकडे वळला. "वहिनी, मी त्याले खाल्लं. ज्याले खाल्लं ते काय होतं, तेवढं तरी खरं सांगू द्या."

सकाळी तलावाच्या पाळीवर पंच बसले. मोठे पंच मनानं वाईट नव्हते, त्यांनी वाट मोकळीच ठेवली.

"पाण्यात रायते?"

"रायते."

"मासे खाते?"

"खाते."

"पाय हायेत?"

"चालाले नाहीत."

"मंग मासाच का नाही?"

तो बायकांकडे वळला. पुतणी आजीच्या पाठीमागे तोंड लपवून बसली होती. तो पुन्हा पंचांकडे फिरला. मग म्हणाला, "मासाच."

लोकांनी तंबाखूच्या चंच्या काढल्या. मला हायसं वाटलं आणि लगेच जिवाला लागलं.

लग्न झालं. मांडव त्यानंच घातला आणि पंगतीत भावाशेजारी जेवला. पण सीलची गोष्ट त्या दिवशी जी बंद झाली, ती झालीच. मुलं हात ओढायची, हा म्हणायचा, "विसरलो." थोरल्यानं घरात सीलचं नाव काढायला बंदीच केली होती. हा रोवणीला जाई, मान खाली घालून जेवे आणि झोपे. मी चिडून म्हणायची, "भाऊजी, माणूस आहात की मांडवाची मेढ?" त्यावर नुसतं हसायचा. मला त्याचं हसणं बघवत नसे.

तो तापानं गेला त्याच्या आदल्या हिवाळ्यात पुतणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मी मेथीचे लाडू घेऊन गेले. ती पदराआड बाळाला पाजत होती. हा दाराशी पाठमोरा बसून दोर वळत होता आणि थोरला अंगणात विळ्याला धार लावत होता.

"काकाजी," ती एकाएकी म्हणाली, "ते बर्फावरची पिलाले कशी पाजे?"

त्याचा हात थांबला. अंगणातला विळ्याचा आवाजही थांबला. आता थोरला ओरडणार, म्हणून मी लाडवाचा डबा उचलून निघायलाच लागले.

थोरला उठला. आधी अंगणाच्या फाटकाशी गेला, रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं आणि फाटकाला आतून आडणा घातला. मग येऊन भावाच्या खांद्याला खांदा लावून खाली बसला.

"सांग आता," तो म्हणाला. "पिलाले थंडी नाई वाजे का?"