विमलबाईचा राहिलेला डोळा

रोह्याला कुंडलिकेच्या काठी एक बंद पडलेली भातगिरणी आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तिथे दहा-पंधरा माणसं जमतात. कुणी मूर्ती करणारं, कुणी दुकानांच्या पाट्या रंगवणारं, कुणी कंपनीच्या खोक्यांवरची चित्रं कॉम्प्युटरवर काढणारं. महिनाभरात काय केलं ते टेबलावर मांडायचं, बाकीच्यांनी बघायचं, बोलायचं, चहा प्यायचा. भाषण नाही, हारतुरे नाहीत. याला ते कट्टा म्हणतात. एक महिना रोह्याला, एक महिना पेणला.

पेणचा गुणाजी या कट्ट्याला कार्तिकापासून यायला लागला. वय अडुसष्ट. बाप मिठागरावर राबला, गुणाजी गणपतीच्या कारखान्यात. चाळीस वर्षं त्याने मूर्ती घासल्या. घासणाऱ्याचं काम कुणाला दिसत नाही. दिसलं तर ते वाईट झालं असं समजायचं. कट्ट्यावर त्याने कधी काही मांडलं नाही. दाराजवळच्या रिकाम्या पोत्यांवर बसायचा आणि मांडणाऱ्यांचे हात बघायचा. तिथे सगळ्यांशी थट्टा करणारा एक निकेश होता, पेणचा रंगारी, मूर्तींचा स्वतःचा लहानसा कारखाना असलेला. तो म्हणायचा, गुणाजीकाका आमच्यावर मुकादम नेमलाय, पगार कोण देतं ते तेवढं कळत नाय.

गुणाजी हसायचा नाही. त्याला एक हात हवा होता, आणि तो गुढीपाडव्याच्या आत मिळायला हवा होता.

त्याची बायको विमलबाई त्याच कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. मूर्ती साच्यातून निघाली, सुकली, घासली, रंगली, दागिन्यांना सोनेरी लागली, की सगळ्यात शेवटी आखणीवाला बसतो. आधी पांढरं, मग काळी कड, मग बुबुळ, मग बुबुळात टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. ठिपक्याआधी माती असते, ठिपक्यानंतर ती बघायला लागते. दोन्ही डोळे एका हाताचे आणि एका बैठकीत. एक डोळा काढून उठायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कामाला आलेल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं.

सहा वर्षांपूर्वी गणपतीला अकरा दिवस राहिले असताना विमलबाईने एका फूटभर शाडूच्या मूर्तीचा उजवा डोळा काढला. डाव्याला ब्रश लावण्याआधी ती पाटावरून कलंडली. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. संध्याकाळी घरी आणली ती गेलेलीच.

मूर्ती तशीच राहिली. दुसरा आखणीवाला तिला हात लावेना. एका डोळ्याचा देव गिऱ्हाईक नेत नाही. मालक म्हणाला, गुणाजी, तूच घरी ने.

त्याने ती खोलीतल्या फळीवर ठेवली आणि वर विमलबाईच्या लुगड्याचा तुकडा टाकला. कापडाखालून डोळा दिसत नव्हता, पण तो नेमका कुठे आहे ते गुणाजीला बोट ठेवून सांगता आलं असतं. जेवायला बसला की मानेवर काहीतरी टेकल्यासारखं व्हायचं. त्याने जेवायची जागा बदलली. मग पाठ करून बसला. मग भिंतीला टेकून, मूर्तीकडे तोंड करून बसायला लागला, कारण मागे असण्यापेक्षा समोर बरं. घरात एकटा असला की डब्यातल्या पाण्यात ब्रश खळबळल्याचा आवाज यायचा. तो उठून मोरीत बघायचा. नळ बंद, बालदी कोरडी. पुन्हा येऊन बसेपर्यंत आवाज थांबलेला असायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, लोक डॉक्टरकडे नेतील.

मुलगा विशाल कंपनीत शिफ्टला. त्याने पेण स्टेशनजवळ ब्लॉक घेतला, पाडव्याला राहायला जायचं ठरलं. सून नम्रता वाईट नव्हे; सासऱ्याचा चहा कधी चुकवला नाही. पण तिने आवाज खाली घेऊन एकदाच सांगितलं.

"बाबा, नव्या घरात मी अर्ध्या डोळ्याचा देव नेणार नाय. पुरा करून घ्या, नायतर पाण्यात सोडा. त्याची पूजा नाय झालेली, माती हाय ती."

पाण्यात सोडायचं त्याच्याकडून होणार नव्हतं. विमलबाईच्या हातचं शेवटचं काम ते. म्हणून तो कट्ट्याला जाऊ लागला.

पाच महिने त्याने हात पारखले. पहिल्याच झटक्यात झालेलं काम आणून मांडणारे बरेच होते. ते त्याने सोडून दिले. पेणजवळच्या जिते गावची किमया म्हणून एक पंचवीस वर्षांची मुलगी होती. गणपतीच्या हंगामात कारखान्यात आखणी करायची, बाकीचे महिने शाळांच्या भिंती रंगवायची. पौषात तिने चाळीस कागद आणले होते. प्रत्येकावर तोच एक डोळा. एकोणचाळीस तिनेच काट मारलेले. चाळिसावाही धड जमला नाही असं म्हणून तिने पिशवीत घातला. गुणाजीने तो हात लक्षात ठेवला.

फाल्गुनातल्या रोह्याच्या कट्ट्याला तो गोधडीत गुंडाळलेली मूर्ती घेऊन गेला. टेबलावर ठेवली, गोधडी सोडली, लुगड्याचा तुकडा काढला. निकेश थट्टा सोडून जवळ आला. त्याने विमलबाईला काम करताना पाहिलं होतं. गुणाजीने चार वाक्यांत सगळं सांगितलं. तिचं काम, तिचं जाणं, पाडवा. एवढंच.

रोह्याची वैशाली कंपनीसाठी लेबलं करायची. तिला हे अवघड वाटलं नाही. तिने उजव्या डोळ्याचा फोटो काढला, लॅपटॉपवर आरशात धरल्यासारखा उलटा केला, मापात बसवला, शेजारच्या दुकानातून छापून आणला आणि कात्रीने कापून डाव्या बाजूला अलगद चिकटवला. म्हणाली, काका, याच्यावरून गिरवलं की झालं, केसाचाही फरक पडणार नाही. जमलेल्यांना ते पटलं.

गुणाजी मूर्तीसमोर उकिडवा बसला. दोन्ही डोळे होते आणि बघत कुणीच नव्हतं. विमलबाईचा डोळा सरळ नव्हता. तो थोडा खाली आणि एका अंगाला वळलेला होता. त्याला उलटा केल्यावर दुसरा दुसऱ्या अंगाला गेला. देवाची नजर फाटली होती. वैशालीलाही ते दिसलं. तिने कागद काढून घेतला.

मग गुणाजीने किमयाला विचारलं, तू काढशील का.

किमयाने मूर्ती हातात घेतली नाही. वाकून बराच वेळ बघितली.

"एक डोळा मी काढायची नाय, काका. काढीन तर दोन्ही."

"एक हाय की."

"तो काकूंचा हाय. त्याच्या बाजूला माझा बसवला तर दोघींचं काम बिघडंल. तो घासून काढा, मग आणा."

कुणीतरी म्हणालं, अगं, असं कसं बोलतेस. तिने मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही. गुणाजीने मूर्ती गुंडाळली आणि चहा न घेता निघाला. निकेश स्टेशनपर्यंत मागे आला. गुणाजीने त्याला गोधडीला हात लावू दिला नाही. गाडीत सगळा वेळ त्याने मूर्ती मांडीवर धरली होती.

तीन दिवस तो त्या मुलीला मनात शिव्या देत होता. शिव्या देऊन झाल्यावर उरलं ते एवढंच, की ती बरोबर बोलली होती. तोही हेच शिकला होता. एक हात, एक बैठक.

बुधवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. त्याने विमलबाईचा बसायचा पाट काढला. चौरंगावर मूर्ती ठेवली, कारखान्यात ठेवायचे तेवढ्याच उंचीवर, तशीच जरा तिरकी. आणि पाटावर बसला. इतक्या वर्षांत त्या पाटावर तो कधी बसला नव्हता.

डोळा नीट त्याच्या डोळ्यांत आला.

तेव्हा त्याला कळलं. आखणीवाला मूर्तीला आपल्याकडे बघायला लावतो; आपल्याशी नजर जुळली की मगच ठिपका देतो. हा डोळा गुणाजीकडे कधी बघतच नव्हता. घासायची त्याची जागा तिच्या उजवीकडे, चार हातांवर. तिथे सरकून बसला तर नजर त्याला ओलांडून जात होती. तो पुन्हा पाटावर आला. सहा वर्षं डोळा ही एवढी रिकामी जागा धरून बसला होता.

याने त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण त्या दुपारी विमलबाई म्हणाली होती, अवो, हात भरून आलाय, जरा उठते. आणि त्याने आपण घासत असलेल्या मूर्तीवरची नजर न काढता उत्तर दिलं होतं.

"एक डोळा ठेवून उठतात का? दुसरा काढ नि मग ऊठ."

ती बसली. ब्रश पाण्यात खळबळला. तेवढंच त्याला ऐकू आलं. हे विशालला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. डोळा आपल्यावर आहे असं वाटत होतं तोवर कुणीतरी रागावलेलं तरी होतं.

त्याने पॉलिश पेपर काढला. नवा पेपर चावतो; त्याने वापरून गुळगुळीत झालेला तुकडा निवडला, बोटाला गुंडाळला. पहिला हात फिरवायला फार वेळ लागला. ठिपका लगेच गेला. कड गेली. बुबुळ जाता जाईना; तिथे तिने रंगाचे दोन हात दिले होते, एकावर भागवलं नव्हतं. काळी भुकटी त्याच्या बोटाच्या रेषांत बसली. डोळा गेल्यावर तिथेच थांबता आलं नसतं. तेवढीच जागा घासली तर खळगा राहतो, रंगाखालून दिसतो. म्हणून त्याने अख्खा चेहरा घासला, कपाळापासून सोंडेच्या मुळापर्यंत, गोल नाही, एकाच दिशेने. चार तास लागले. ओल्या फडक्याने भुकटी टिपून घेतली. मूर्तीवर फुंकर मारायची नसते.

पाठ सरळ व्हायला आणखी अर्धा तास लागला.

निकेशने चेहऱ्याला पुन्हा रंग दिला. पेणचा पुढचा कट्टाही त्याने अलीकडे ओढून पाडव्याच्या आधीच्या रविवारी ठेवला, स्वतःच्याच कारखान्यात. वैशाली रोह्याहून आली. किमया आली, स्वतःचे ब्रश घेऊन. गुणाजीने तिच्यासाठी विमलबाईचा पाट आणला होता. तिने नको म्हटलं, खाली बसलं की गुडघे दुखतात. पंचविसाव्या वर्षी कसले गुडघे, असं निकेश पुटपुटला. तिने प्लास्टिकचं स्टूल ओढलं.

कुणी टेबलावर काही मांडलं नाही. सगळे बघत उभे राहिले. तिने उजवा डोळा काढला. पांढरं, कड, बुबुळ. मग मान कलती करून थांबली, नजर जुळवली आणि ठिपका दिला. डाव्यासाठी ब्रश उचलला, तेव्हा मनगट थरथरलं. तिने हात खाली घेतला, पुन्हा उचलला. पुन्हा तेच. इतके लोक, आणि ही मूर्ती. तिने गुणाजीकडे बघितलं. नियम तिला माहीत होता, तिथल्या प्रत्येकाला माहीत होता.

"हात भरला असंल तर ऊठ गो," गुणाजी म्हणाला. "चहा पिऊन ये."

निकेश त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. किमया क्षणभर तशीच बसली, मग ब्रश आडवा ठेवून उठली. तिच्यामागून सगळे बाहेर गेले.

गुणाजी आत थांबला. एका डोळ्याची मूर्ती रिकाम्या स्टुलाकडे बघत होती. बाहेर कपबश्या वाजत होत्या, कुणीतरी साखर कमी आहे म्हणत होतं. तो मूर्तीपासून हलला नाही आणि तिच्यावर कापडही टाकलं नाही.

"येतेय ती," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

पंधरा मिनिटांनी किमया आली. ओढणीला हात पुसला, बसली आणि डावा डोळा काढला. लोक जवळ आले. वैशालीने छान झालंय म्हटलं.

"डावा जरा वर गेला," गुणाजी म्हणाला.

"व्हय. दिसतंय मला."

तिने फडकं ओलं केलं, डावा डोळा पुसला आणि पुन्हा पांढऱ्यापासून काढायला घेतला. गुणाजी तिच्या स्टुलामागे उभा राहिला. दारात अजून ऊन होतं, आणि घाई कुणालाच नव्हती.