ब्रेकमधली हवा

गो-कार्ट म्हणजे काय, हे आमच्या वस्तीवर कुणाला सांगून पटेना. टेम्पोतून ती उतरवली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यानं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "आबा, हिच्यावर हत्ती बसला हुता का काय? पार चपटी झालीया. उसात शिरली तर घावायची न्हाई." पोरं खिदळली. मी तापलो. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात उभा जन्म काढलेला माणूस मी, मशीनला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. "चपटीच असती ती," मी म्हणालो. "बूड जमिनीला टेकलेलं असतं, म्हणून उलटत नाही."

उलटत नाही, म्हणून तर आणली होती. नेवाशाच्या रस्त्याला एका भंगारवाल्याकडं ती गंजत पडली होती. इंजिनिअरिंगच्या पोरांनी कुठल्याशा स्पर्धेसाठी बनवलेली, स्पर्धा सरली तशी टाकून दिलेली. पाइपांचा सांगाडा, स्कूटीचं इंजिन, चार बुटकी चाकं, एक खुर्ची. मला बघताक्षणी नात आठवली.

नात अकरा वर्षांची, पुण्याला असते. उन्हाळ्यात माझी लेक तिला स्कूटरवर मागं बसवून क्लासला नेत होती. वळणावर वाळू सांडलेली, गाडी घसरली. लेकीचा हात मोडला, पोरीला नुसतं खरचटलं. हात दीड-दोन महिन्यांत जुळून आला, पण पोरगी काही पहिल्यासारखी होईना. स्कूटरला तर शिवेचना. मोटारीत बसायची वेळ आली की आईच्या मांडीत तोंड खुपसायची, डोळे मिटायची, थरथर कापायची, ओकायची. शाळेच्या बसचं नाव काढलं की पोटात दुखायचं. लेक फोनवर रडायची, "आबा, माझ्यामुळं झालं हे." डॉक्टर म्हणाले, वेळ द्या, दटावू नका. पण हातावर हात ठेवून बसणं माझ्या रक्तात नाही. मला वाटलं, मागं बसून पडली ना, मग हँडल तिच्याच हातात देऊ. बघू तरी.

पावसाळाभर मी त्या गाडीच्या मागं होतो. बायको म्हणायची, "अवो, गोठ्याचं दार दोन वरसं लोंबतंय, ते दिसत न्हाई, आन् ह्या खेळण्याला रंग!" इंजिन खोललं, चेन बदलली, चाकांचे बेअरिंग बदलले. एक्सलेटरच्या पेडलखाली असा बोल्ट ठोकला की कितीही दाबलं तरी गाडी सायकलीपेक्षा जोरात जाऊ नये. सगळं झालं. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, ते म्हणजे ब्रेक. ब्रेकचं ऑइल कुठूनतरी झिरपायचं, आत हवा शिरायची आणि पेडल लोण्यात बोट घालावं तसं खाली जायचं. दोनदा दाबलं की मात्र लागायचा.

दसऱ्यासाठी लेक, जावई आणि नात आदल्या दिवशीच आली. वाटेत गाडी कितीदा थांबवली ते जावयानं सांगितलंच नाही, पण पोरीचं तोंड पांढरंफटक पडलेलं. गोठ्याशेजारी ही चपटी गाडी बघितली तेव्हा ती दारातच थबकली. लाल रंग मारलेला, मागं तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढलेलं. मला वाटलं, आता उडी मारेल. तिनं विचारलं, "आबा, ही थांबते का?"

किती पळते, असं नाही विचारलं. पोरांनी विचारायचा प्रश्न का हा?

"थांबते," मी म्हणालो.

"एकदा दाबल्यावर?"

खोटं बोलायला जीभ वळवळली होती. पण तिनं असं काही रोखून बघितलं की म्हणालो, "आत्ता दोनदा दाबावं लागतं. आज करतो नीट." तिनं मान हलवली आणि घरात निघून गेली.

आता 'आज करतो' म्हणताना आज खंडेनवमी आहे हे माझ्या ध्यानातच नाही! घरात गेलो तर बायकोनं माझी अख्खी पेटी देवासमोर मांडलेली. पाने, पक्कड, हातोडी, पहार, विळे, खुरपी, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडूची फुलं. मी आठ नंबरच्या पान्याकडं हात नेला तशी कडाडली, "हात लावू नका! वरीसभर राबत्यात ती, एक दिस तरी इसावा द्या त्यास्नी."

"अगं, पोरीचं काम आहे."

"पोरीचं हाय म्हनूनच. पूजेतलं हत्यार उचलून पोरीच्या गाडीला लावायचं? मला न्हाई चालायचं."

तिच्याशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही. अडला हरी म्हणतात तसा मी गावात निघालो, कुणाकडं तरी पाना मिळेल म्हणून. कुठला मिळतोय! शेजाऱ्याचे पाने ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, फुलं वाहिलेले. गॅरेजचं शटर अर्धं ओढलेलं, आत उदबत्ती. "आबा, आज सोन्याचा पाना मागा, देतो. लोखंडाचा न्हाई," गॅरेजवाला हसत म्हणाला. अख्ख्या गावाची हत्यारं एकाच दिवशी देवाला बसतात, हे सत्तरीला आलेल्या माणसाला ठाऊक नसावं? स्वतःवरच चडफडत परत आलो.

नात ओट्यावर बसलेली. मी सरळ सांगितलं, "आज नाही होत. उद्या सकाळी बघू." जावयाला रात्रपाळी होती, दसऱ्याच्या दुपारीच त्यांना निघायचं होतं. लेक हळूच म्हणाली, "राहू द्या आबा. नाही जमलं तर तिची भीती आणखी वाढायची." मला बोललेलं लागलं, कारण खरं होतं. हे फिसकटलं असतं तर पोरगी माझ्यावरही विश्वास ठेवणार नव्हती.

दसऱ्याला उजाडायच्या आत बायको न्हाऊन तयार. देवावर अक्षता टाकल्या, हत्यारं जरा जागची हलवली आणि आठ नंबरचा पाना कुंकवासकट नातीच्या हातात दिला. "जा, तुझ्या आबाला दे. कालपास्नं जीव खाली वर होतोय त्येंचा."

गळती सापडली, एक वॉशर बदललं. आता ब्रेकमधली हवा काढायची. त्याला माणसं दोन लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचं निपल, म्हणजे ऑइल सोडायची बारकी तोटी, सैल करायचं, म्हणजे ऑइलबरोबर हवा बाहेर पडते. जावई पुढं आला. मी म्हणालो, "तुम्ही नको. ती बसेल."

गाडी विटांवर उचललेली, इंजिन बंद. तरी बसताना तिनं माझं मनगट गच्च धरलं. मी सांगितलं, "तीनदा दाब, चौथ्यांदा धरून ठेव. मी निपल सैल केलं की पेडल खाली जाईल. जाऊ दे. पण मी 'सोड' म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. उचललास तर हवा परत आत."

पहिल्यांदा पेडल खाली गेलं तशी ती किंचाळली आणि पाय उचलला. झालं, हवा आत. माझ्या तोंडात वर्कशॉपातली शिवी आली होती, ती गिळली. "पुन्हा," म्हणालो. दुसऱ्यांदाही उचलला. लेक तोंड फिरवून उभी. तिसऱ्यांदा पोरीनं ओठ दाबले, डोळे मिटले, पण पाय धरून ठेवला. निपलला लावलेल्या नळीतून बुडबुडे आले. "सोड!" मग पुन्हा, पुन्हा. हळूहळू बुडबुडे कमी झाले आणि अचानक ती ओरडली, "आबा, घट्ट झालं! खालीच जात नाहीये!"

"मग? हवा गेली."

ती किती तरी वेळ ते पेडल नुसतंच दाबत बसली. न्याहारीला हाका मारल्या तरी उठेना.

वस्तीपासून गावच्या शिवेपर्यंत नवा सिमेंटचा रस्ता आहे. तिथं गाडी लावली, तिच्या डोक्यात हेल्मेट घातलं. बायकोला चाकांना माळा घालायच्या होत्या. चेनमध्ये अडकतील म्हणून मी एक हँडलला बांधू दिली. पोरीनं इंजिन सुरू केलं. चार हात गेली, थांबली. पुन्हा चार हात, पुन्हा थांबली. बघायला जमलेली वस्तीवरची पोरं कंटाळून म्हणाली, "ही तर नुसती थांबायलाच बसलीया." मी त्यांच्यावर खेकसलो.

आणि मग ती गेली. बुटकी लाल गाडी फटफट करत लांब चालली. समोरून कुणी आलं तर? पाइपचं वेल्डिंग सुटलं तर? मी धोतर सावरत मागं पळायला लागलो, ओरडायला लागलो, "थांब! अगं थांब!"

शिवेच्या दगडापाशी ती थांबली. एका दाबात. मी धापा टाकत पोचलो. हेल्मेटमधून तिनं विचारलं, "आबा, तुम्ही घाबरलात?"

"लई घाबरलो," मी म्हणालो.

"मी पण," ती म्हणाली. "पण स्कूटरवर माझ्या पायाखाली दाबायला काहीच नव्हतं ना."

आम्ही सगळ्यांनी तिला घाबरू नको, घाबरू नको म्हणून सांगितलं होतं. तिला काय पाहिजे, हे कुणीच विचारलं नव्हतं.

दुपारी निघताना ती मागं आईच्या मांडीत शिरली नाही. "मी पुढं बसते," म्हणाली. जावई लेकीकडं बघायला लागला, लेक माझ्याकडं. मी दार लावून दिलं. काचेतून बघितलं तर पोरगी ताठ बसलेली, ओठ दाबलेले, डोळे उघडे आणि उजवा पाय समोरच्या पत्र्यावर गच्च रोवलेला. गाडी निघाली, वळणावर जावयानं ब्रेक लावला, तेव्हा तिनंही पाय दाबला असणार. मी तिथंच रस्त्यात उभा राहून रडलो.