आंबेनळीच्या वळणावरची पाचर

सन १९३४. मी बत्तीस वर्षांचा होतो आणि पोलादपूरच्या आऊटपोस्टला हवालदार होतो. माझं शिक्षण मराठी तिसरी. पण माझ्या हातचा पंचनामा कोर्टात कधी कोणी मोडला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्या दिवाळीत आंबेनळी घाटात जे घडलं ते माझ्या मनातून गेलेलं नाही आणि आता या वयात जायचंही नाही. त्यातल्या माणसांची मुलंबाळं आहेत, म्हणून नावं लिहीत नाही.

धनत्रयोदशीच्या दुपारी शिपायांची हजेरी घेत होतो. घाटाखालच्या वाडीचा पोलीस पाटील धावत आला. मोटार दरीत गेली म्हणाला. आम्ही दोर घेऊन निघालो.

लहानशी उघडी मालमोटार होती. पुढे ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी एक जागा, मागे माल. महाडहून तांदूळ वर न्यायचा आणि वरून बटाटे खाली आणायचे, हा तिचा धंदा. त्या दिवशी बटाट्यांच्या पोत्यांवर एक म्हातारा बसला होता. तो वळणावर बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. ड्रायव्हर झाडाला अडकला, त्याचा खांदा निखळला. पुढच्या शेजारच्या जागेवर मोटारमालकाची लेक होती. वरच्या गावात दिलेली, दिवाळीला माहेरी महाडला चालली होती. तिला आम्ही दोरानं वर काढलं ते घोंगडीत बांधूनच. तिच्या हाताची मेंदी ताजी होती.

मोटारमालक महाडात दारात वाट बघत उभा असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बातमी सांगायला मीच गेलो. तो रडला नाही. एकच विचारलं, "ड्रायव्हर जगला?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मग त्यानंच मारली. तो प्यालेला असणार."

पोलीस पाटलाच्या रिपोर्टातही ड्रायव्हरच्या तोंडाला दारूचा वास असल्याचं आलं होतं. झालं, त्याला सरकारी दवाखान्यात पट्टी बांधून महाडच्या ठाण्याच्या कोठडीत टाकला. प्यायलेल्या ड्रायव्हरच्या हातून बाई मेली, म्हणजे चांगली लांब सजा. त्याच्या घरी बायको आणि आंधळी आई, बाकी कोणी नाही.

मी त्याच्यासमोर बसलो. पूर्वी हा याच मालकाच्या बैलगाड्या हाकायचा. मालकानं गाड्या विकून मोटार घेतली, तेव्हा त्यालाच ड्रायव्हर केलं.

"दारू प्यायलास?"

"प्यालो."

"कधी?"

"वर काढला तेवा. खांदा निखळला व्हता. वाडीवाल्यांनी पाजली न् खांदा बसवला."

पाटलाला विचारलं. तो मान खाजवत म्हणाला, "व्हय, पाजली. इवळत व्हता, मंग काय करायचा? तुमी इचारलंच नाय आदी."

हे असं असतं. खेड्यातला माणूस खोटं बोलत नाही, पण विचारल्याशिवाय खरंही सांगत नाही. तरी पडायच्या आधी तो प्यायलाच नव्हता, याला पुरावा कुठे होता? मी पुन्हा कोठडीत गेलो.

"मोटार नीट चालत होती?"

"व्हय."

"पुढून काही आवाज? धक्के?"

"नाय." मी पुरतं विचारायच्या आतच त्याचं उत्तर आलं.

आता पोत्यांवरच्या म्हाताऱ्याकडे गेलो. कपाळाला हळद थापून तो अंगणात बसला होता. त्याचे दोन्ही लेक मुंबईला गिरणीत. त्यांची बोट लागणार म्हणून तो बंदरावर चालला होता.

"धक्के?" तो म्हणाला. "अवो हवालदार, पोटातला तोंडात आला माज्या! खड्डा आला का टाक. बिरीक दाबला का टाक. डाव्या अंगानं, पुढनं. मी वरडलो पन, अरे, मोटार चालवतस का मला कांडतस? तवा ती पोर हसली. मागं वळून म्हनली, आजोबा, दिवाळीचा फराळ घरी जाऊन खा, हितं पोट रिकामंच बरं."

त्यानं कपाळावरची हळद चाचपली. मग म्हणाला, "तिचा तेवढाच बोलना झाला."

आरोपी स्वतःला वाचवायला खोटं बोलतो. हा ड्रायव्हर स्वतःला बुडवायला खोटं बोलत होता. मोटार आवाज करत होती एवढं म्हणाला असता तर त्याचाच फायदा होता. असं खोटं मी नोकरीत फार थोडं पाहिलं, आणि दर वेळी त्याच्या आड कोणीतरी दुसरं माणूस उभं असायचं.

मी दरीत उतरून मोटार पुन्हा तपासली. अशा मोटारीचं पुढचं अंग पोलादी पाट्यांवर बसलेलं असतं. एकावर एक रचलेले लांब पाटे. खड्ड्याचा मार ते खातात. खाली आडवा आक्सल, त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. आणि पाटे व आक्सल यांना आवळून धरायला इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे बोल्ट. उजवीकडचे बोल्ट घट्ट होते. डावीकडच्या बोल्टांचे नट मी बोटांनी फिरवले. पाटे आणि आक्सल यांच्यात बोट जाईल एवढी फट होती आणि पाटे जागेवर धरणारी मधली खीळ तुटलेली होती.

महाडचे फौजदारसाहेब माझ्याबरोबर खाली उतरले होते. ते म्हणाले, "एवढ्या उंचावरून पडल्यावर तुटणारच."

"साहेब, पडून लोखंड तुटतं. घासून गुळगुळीत होत नाही."

त्यांनी वाकून पाहिलं. तुटलेल्या खिळीचं तोंड आरशासारखं चकचकीत होतं. ती कित्येक आठवडे आधी तुटली होती आणि तुटलेले तुकडे एकमेकांवर घासत होते. मग अर्थ सरळ होता. ब्रेक दाबला की डावं चाक मागे सरकायचं आणि पाट्यावर टाक करून आपटायचं. उतारावर जोरात ब्रेक दाबला तेव्हा ते इतकं मागे गेलं की मोटार आपोआप डावीकडे वळली. डावीकडे दरी.

साहेब म्हणाले, "पटतं. पण मग ड्रायव्हरला हे कळलं नाही? कळून चालवली तर दोष त्याचाच. हातात धरता येईल असं काहीतरी आण."

त्या वळणाच्या वर रस्त्याच्या कामावरची एक बाई राहायची. खडी फोडायची. दिवसभर रस्त्यावर असल्यामुळे प्रत्येक मोटार तिला आवाजावरून ठाऊक.

मी विचारलं, "या मोटारीचा आवाज कधीपासून येत होता?"

"पावसाच्या आदीपास्न. मंग आखाडात बंद झाला. दसरा झाला न् परत."

इथे मी थांबलो. आवाज सुरू झाला हे समजण्यासारखं आहे. पण बंद का झाला? नट तर सैलच होते. तुटलेली खीळ आपोआप जुळत नाही.

"त्या दिवशी काय पाहिलंस?"

"मोटार धडाधडा गेली. तिच्यातनं काय तरी पडला. मी उचलला."

"काय उचललंस?"

ती कावरीबावरी झाली. घरामागे बोट केलं. तिथे शेळी बांधली होती आणि शेळीची खुंटी म्हणजे एक पाचर होती. खैराच्या लाकडाची, एका बाजूनं निमुळती, तेल पाजून काळी केलेली. मी ती उपटली.

"नेऊ नका हो, शेरडाची खुटी हाय माजी. दगडानं ठोकली तर मोडत नाय. अशी कुठं भेटायची?"

"आणून देतो."

"पोलीस कदी काय परत देतो काय?"

"हा देतो," मी म्हणालो.

ती पाचर आधी पंचांसमोर त्या फटीत घालून पाहिली. आली, पण सैल. हातानं निघाली. मग ठाण्यावर पाण्याच्या बादलीत भिजत ठेवली आणि सकाळी त्याच पंचांसमोर पुन्हा घातली. घणाशिवाय आत जाईना आणि गेल्यावर मोटारीचा तो भाग हलेना.

पंचनामा लिहितानाच त्या पाचरीचं काम माझ्या ध्यानात आलं. हे मला समजलं कारण मी गाडीवानाच्या घरचा आहे. बैलगाडीचं चाक हलायला लागलं की तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी गोळ्यात, लाकडी पाचर मारतात. आमच्याकडची गाडी रोज सावित्री नदीच्या पाण्यातून जाते. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि पाचर आपोआप घट्ट राहते. म्हणून ही तऱ्हा इथे चालते. मोटारीलाही कोणीतरी तेच औषध दिलं होतं. पावसात लाकूड ओलं होतं, फट भरली, आवाज बंद झाला. सगळ्यांना वाटलं दुखणं गेलं. पण मोटार पुलावरून जाते, नदीतून जात नाही. दसऱ्यानंतरच्या उन्हात पाचर सुकली आणि दिवाळीच्या दिवशी उतारावर गळून पडली.

पाचर घेऊन कोठडीत गेलो. ड्रायव्हरनं ती पाहिली आणि तोंड भिंतीकडे केलं.

"तू मारलीस?"

तो नखानं भिंतीचा चुना खरवडत राहिला.

"तू मारली असतीस तर तसं म्हणाला असतास. सजेला तर तू तयारच आहेस. कोणाची आहे?"

"हवालदारसाहेब," तो भिंतीशीच बोलला, "मी प्यालेला व्हतो असा लिवा. अंगठा देतो."

तेव्हा मला कळलं आता कुठे जायचं ते.

मोटारमालकाच्या ओटीवर भेटायला आलेली चार माणसं बसली होती. मी त्यांना उठवलं नाही. पाचर मालकाच्या पुढ्यात ठेवली. हा माणूस आपल्या बैलगाड्यांचं प्रत्येक चाक स्वतः दुरुस्त करणारा, सुताराला हात लावू न देणारा. अशा माणसाला मी ओळखतो. मी स्वतः तसाच आहे. त्याच्याकडून काय विचारून निघत नाही आणि काय डिवचून निघतं, हे मला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नव्हती.

"मोटारीतून पडलेली सापडली," मी म्हणालो. "तुमच्या ड्रायव्हरचं काम दिसतंय. काय अडाण्याचा हात आहे बघा. निमुळती केली ती पण वाकडी."

त्यानं पाचर उचलली. अंगठा धारेवरून फिरवला. डोळे तापले.

"वाकडी? हवालदार, कुनाला वाकडी म्हनता? ही माज्या हातची हाय! त्याच्या बापाला जमेल काय अशी तासायला? आखाडात मी सोता मोटारीखाली शिरून मारली. तो म्हनत व्हता, मालक, मुंबैहून बोल्ट मागवा. मी म्हटला, सोड रे, चाकाचा काय ते मला सांगतस? न् एका घावात आवाज बंद! इचारा त्याला!"

"कुठे मारली?"

"डाव्या पाट्याखाली."

"ती पडली वळणाच्या थोडं वर," मी म्हणालो. "त्याच्यानंतर डावं चाक धरायला काही राहिलं नव्हतं."

त्यानं पाचर मांडीवर ठेवली. मग पुन्हा उचलली. त्याच्या तोंडाकडे मी पाहत होतो. समजायला त्याला फार वेळ लागला, आणि समजल्यावरही तो पाचरीवरचा अंगठा काढेना.

"ती डाव्या अंगाला बसली व्हती," तो म्हणाला. "मीच निरोप धाडला व्हता. म्हटला, पोरीला मागं पोत्यावर बसवू नको. पुढं बसव."

मग विचारलं, "त्याला ठावं व्हता? गड्याला?"

"हो."

"मंग बोलला का नाय तो?"

"तुम्हाला हे कळू नये म्हणून."

तेव्हा तो रडला. ज्या दिवशी मी बातमी आणली त्या दिवशी न आलेलं रडं ते होतं. आतून त्याची बायको बाहेर आली आणि विचारू लागली, काय झाला, काय झाला गो बाई. तिला सांगणारं कोणी नव्हतं. मी जबाब लिहून घेतला. त्यानं सही केली, एक शब्द न बदलता.

ड्रायव्हरला सोडला तेव्हा तो माझ्यावरच उखडला. "तुमाला सांगितला व्हता मी. मी गेलो असतो जेलात, परत आलो असतो. त्यो मानूस आता कुठनं परत येनार?" आणि खरंच, मालकानं कोर्टात गुन्हा कबूल केला, सजा भोगली आणि बाहेर आल्यावर पुन्हा कुठल्या चाकाला हात लावला नाही. त्याच्या दारचं मोडकं बैलगाडीचं चाक तसंच पडून वाळवीनं खाल्लं.

लोक म्हणाले, हवालदारानं बापाला उगाच सांगितलं. मी तेव्हा ऐकलं नाही आणि आजही ऐकत नाही. सांगितलं नसतं तर दुसरा एक निरपराध माणूस कोठडीत सडला असता आणि त्याची आंधळी आई दारात बसून राहिली असती. खरं कोणाला झेपेल हे ठरवणं पोलिसाचं काम नव्हे.

त्या प्रकरणानं मला एकच गोष्ट दिली आणि ती मी नोकरी संपेपर्यंत वापरली. तक्रार कधी सुरू झाली हे सगळेच विचारतात. मी आधी विचारायचो, बंद कधी झाली? रोज भांडणारं घर अचानक शांत झालं, ओरडणारी सून ओरडायची थांबली, सारखा अर्ज करणारा शेतकरी ठाण्यावर यायचा बंद झाला, की मी शिपाई पाठवायचो. बऱ्याचदा काही नसायचं. दोनदा वेळेवर पोचलो.

मालकाचा जबाब झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आऊटपोस्टच्या मागे बसून खैराची एक खुंटी तासली. उतारूंची सर्व्हिस मोटार घाटात निघाली होती, तिच्या ड्रायव्हरनं माझ्यासाठी पुढची जागा रिकामी केली, पण मी चालतच गेलो. खडी फोडणाऱ्या बाईनं खुंटी उलटीसुलटी पाहिली.

"ही ती न्हवं."

"ती कोर्टात गेली. ही माझ्या हातची आहे."

"मंग घट्ट बसंल काय?"

मी दगड घेतला आणि तिच्या घरामागे खुंटी ठोकली. शेळी बांधली. बाई आत निघून गेल्यावरही मी तिथेच उकिडवा बसून होतो, आणि दोन्ही हातांनी ती खुंटी हलवून बघत होतो.