ट्रॅक्टरच्या तोंडावर पोळपाट

शिरगावचे आमचे भीमराव म्हणजे शांत माणूस. अंबरनाथ एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होते, पण कुणाला अरेतुरे केलं नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी भंगारातला छोटा डिझेल ट्रॅक्टर अंगणात आणला आणि वर्षभर त्याला घणाने बडवलं. ट्रॅक्टरनेही त्यांची दोन नखं आणि एक दात घेतला.

रविवारी तो एकदाचा सुरू झाला आणि थांबेचना. भीमरावांनी डिझेल तोडलं, तरी हा पठ्ठ्या जास्त भरलेलं इंजिन ऑइल पिऊन पिसाळला. किंचाळत, धूर ओकत टेकूच्या विटांवर उसळू लागला. एक पाना उडून खिडकीची काच फुटली. आता इंजिन फुटणार, वर्षाची मेहनत जाणार! इंजिनची हवा तोडण्यासाठी भीमरावांनी हवा आत ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर तळहात दाबला. नळीने कातडंच ओढलं, रक्त आलं.

"अहो, हात काढा आधी!" म्हणत स्वयंपाकघरातून धावत आलेल्या शालनवहिनींनी पिठाचा पोळपाट नळीवर आपटला. इंजिन गचके खात मेलं.

भीमराव रक्ताळलेला हात धरून हसले. "शालन, इंजिन झकास आहे गं! काय ओढ आहे!"

"हो ना? मग आजच्या पोळ्या त्यालाच लाटायला सांगा."