रुवैसच्या उत्तरेला समुद्र

आमच्या लोकांत नाव नंतर, गाव आधी विचारतात. माझी लेक बिनगावाची वाढतेय ही माझी जुनी भीती. म्हणून गणपतीच्या कार्यक्रमात मुलांनी 'माझं गाव' या विषयावर मराठीत बोलायचं ठरलं, तेव्हा मी तिला विचारलंसुद्धा नाही. रीत वडिलांचं गाव सांगायची, पण मी पडले हट्टी. माझ्या माहेरच्या तालुक्याच्या गावावर भाषण लिहून काढलं: नदी, तहसील कचेरी, मंगळवारचा बाजार, झालंच तर पडकी गढी. पोर चौदा वर्षांची, जन्म इथला, आखातातल्या रुवैसचा, माझ्या माहेरी जेमतेम चारदा गेलेली.

"बट आई, दॅट्स युअर गाव."

"माझं तेच तुझं. यल्ला, पुन्हा म्हण."

कार्यक्रमात तिने धडाधड म्हणून दाखवलं. मी पहिल्या रांगेत नुसती फुलून बसले होते. तेवढ्यात मुलाकडे राहायला आलेल्या एका काकांनी कौतुकाने विचारलं, "छान, बाळा. बाजारातून घरी जाताना नदी कुठल्या हाताला लागते गं?"

मी खालून डावा हात हलवला. तिने बघून न बघितल्यासारखं केलं.

"मला माहीत नाही. ते आईचं गाव आहे. माझं सांगू?"

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. ती मात्र मोडक्यातोडक्या मराठीत सुरू झाली. "उत्तरेला समुद्र. दक्षिणेला हायवे, नंतर फक्त वाळू. पश्चिमेला जबल धन्ना, तिथून डेल्मा बेटाची बोट सुटते. माझ्या खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते. वारा तिकडून आला की आई कपडे आत घेते. हिस्टरी छोटी आहे. सगळ्यात आधी आलेले लोक अजून जिवंत आहेत."

"त्यातला मी एक," काका म्हणाले. "आम्ही नोकरीला आलो तेव्हा इथे पत्र्याच्या खोल्या होत्या, पाणी टँकरने यायचं. पण माझ्या मुलांना मी याला कधी गाव म्हणू दिलं नाही." आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

परत येताना गाडीत मी तिला समजावायला गेले. "अगं, बाबांची नोकरी संपली की कंपनीचं घर सोडायचं, व्हिसा खलास. कशाला एवढा जीव लावतेस?"

"तू पण सोडलंस ना तुझं? तरी ते तुझंच आहे."

इतकी वर्षं जी भीती घेऊन बसले होते ती पोरीने एका वाक्यात संपवली. मी गाडी बाजूला घेतली आणि चक्क रडले. येणारेजाणारे बघायला लागले.

"आई, प्लीज," ती खाली सरकत कुजबुजली, "इथे सगळे ओळखतात मला."