फक्कीने आखलेलं स्वयंपाकघर

कॉलेजच्या वसतिगृहाची मेस वाढवायचं ठरलं, तेव्हा मी तिथला रेक्टर होतो. मुलं वाढली होती. दोन पंगती बसायच्या आणि दुसऱ्या पंगतीला भात गारच मिळायचा. जुनी भिंत पाडायला घेतली तसं जेवण सायकल स्टँडच्या पत्र्याखाली हलवलं.

स्वयंपाक करणाऱ्या मावशी बिरवाडीहून यायच्या. इंजिनियरने त्यांना नव्या स्वयंपाकघराचा नकाशा दाखवला. "चांगला हाय," त्या म्हणाल्या. तो गेल्यावर मात्र मला हळूच म्हणाल्या, "सर, मला कागदावरचं काय कळत नाय. त्यांनी आपणहून विचारलं, म्हणून चांगलं म्हटलं."

मी गणिताचा मास्तर. खेळाच्या खोलीतली मैदान आखायची पांढरी फक्की आणि टेप घेतली आणि मैदानात त्यांना अख्खं स्वयंपाकघर आखून दिलं. ओटा, शेगड्या, मोरी, कोठीची खोली, वाढायची खिडकी. मावशी दारापाशी थांबल्या, चपला काढल्या आणि मगच आत गेल्या. मला हसू आलं नाही. त्या शेगडीशी उभ्या राहिल्या, नळाकडे वळल्या, खिडकीशी आल्या, परत मागे गेल्या.

"इथून मुलं दिसत नायत," त्या म्हणाल्या. शेगड्या आणि खिडकी यांच्या मधे कोठी येत होती.

"वाढायला माणसं असतील की, मावशी."

"वाढतील. पण कोण जेवत नाय, ते कोण बघणार?"

मग त्यांनी मला गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली. पोलादपूरकडची एक मुलगी ताटातला भात नुसता चिवडून उठायची. चार दिवस बघून मावशींनी तिला मागच्या दाराने आत बोलावलं आणि स्वतःच्या डब्यातली नाचणीची भाकरी दिली. खाता खाता ती रडायला लागली. घरी परत जायचं म्हणत होती. मावशी रोज तिला आत बसवू लागल्या आणि ती राहिली.

त्या मुलीची हजेरी मी रोज लावत होतो. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इंजिनियरला मैदानात आणलं. तो म्हणाला, "कोठी मागे नेली तर भांडी घासायला जागा राहत नाही."

"भांडी बाहेर घासू," मावशी म्हणाल्या. "पाण्याचा उतार तिकडंच हाय. वर पत्रा तेवढा टाका."

तो त्या पांढऱ्या रेघांमधून शेगडीपासून खिडकीपर्यंत चालून आला. मग त्याने माझ्याकडून टेप मागून घेतली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नवी मेस सुरू झाली. सगळी मुलं एकाच पंगतीत जेवली. मावशी शेगडीपासून बघत होत्या. मुलं उठल्यावर मी त्यांना बाकावर बसवलं आणि ताट वाढलं. इतक्या वर्षांत त्यांना तिथे बसून जेवताना मी पाहिलं नव्हतं.

"भात कमी वाढा, सर," त्या म्हणाल्या. मग पहिला घास घेतला. "आमटीत मीठ कमी हाय. एक पण पोर बोललं नाय बघा."