गैरहजर माणसाचा वाटा

माहितीपत्रकातली शेवटची सूचना मी लिहायला नको होती. बाकीच्या ठीक होत्या. दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणा, मगच काय हवं ते मागा. नाहीतर दुकानदारीण तुम्हाला दिसूनही न दिसल्यासारखं करील. जेवताना मनगटं टेबलावर असू द्या, मांडीवर लपवू नका. कुणाकडे जाताना शेवंती नेऊ नका, ती थडग्यांसाठी असते. पाव पालथा ठेवू नका. इथवर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण पानाच्या तळाशी थोडी जागा उरली, आणि रिकामी जागा दिसली की मला राहवत नाही. शाळेतल्या निबंधांत माझे गुण याच पायी जायचे. मी लिहिलं : ‘जानेवारीत, बाळ येशूला भेटलेल्या तीन राजांच्या सणाला, गालेत म्हणजे बदामाचा गोल केक कापताना एक तुकडा जास्त कापतात. तो दारी आलेल्या परक्याचा. कुणी आलंच नाही, तर तो परका तुम्ही. बेलाशक मागा, कुणी नाही म्हणणार नाही.’

आमच्या घरी असंच होतं. माझं गावही फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या या ब्रेताञमधलंच, पण समुद्रापासून आत, गाईंच्या मुलखात. तिथे जास्तीचा तुकडा परक्याच्या नावाने ताटात राहायचा आणि संध्याकाळी मी तो खायचो. नोकरीला मी पोर्झ-गवेनला आलो, बंदरावर. अंतर म्हणाल तर बसने तासाभराचं. पण बंदरावरच्या घरांत तो तुकडा कुणाचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. पर्यटन खिडकीत बसणाऱ्या माणसाने सांगायचं असतं, विचारायचं नसतं, असा माझा समज.

आर्मेल ल द्रेझेन यांच्या घरी मी पाहुणे पाठवायचो. दोन खोल्या त्या भाड्याने देत. तिसरी त्यांच्या मुलाची, एवेनची, ती कधीच नाही. नवरा लवकर गेला, सार्डिनच्या कारखान्यात मासे डब्यांत भरता भरता त्यांनी पोर वाढवला आणि तोच पोर मासे पकडायला समुद्रावर गेला. ‘डबे भरणारीच्या घरी मासा तरी ताजा यावा,’ असं त्या म्हणत. बाई आडव्या बांध्याच्या, आवाज घोगरा, आणि सल्ला देण्यात माझ्या पत्रकाच्या दहा पावलं पुढे. पाहुणा बूट काढायच्या आत त्यांचं सुरू व्हायचं. "चीज कापताना टोकाकडून कापायचं नाही, सगळ्यांच्या वाट्याला मधला मऊ भाग यायला हवा. सॅलडला सुरी लावायची नाही. आणि माझ्या घरात शिटी वाजवायची नाही, शिटीने वारा येतो." मग माझ्याकडे बघून म्हणायच्या, "हे लिहिलंयस का रे तुझ्या कागदात? नाही ना? मग काय लिहितोस दिवसभर?"

"तुम्ही मानता हे सगळं, मादाम?" मी एकदा विचारलं.

"मी काहीच मानत नाही," त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता टेबलावरचा पालथा पाव सुलटा केला.

त्या जानेवारीत मी त्यांच्याकडे मस्यू प्रॅटलींना पाठवलं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे, पियानो दुरुस्त करणारे, आता निवृत्त. वीस वर्षं कॅसेटवरून फ्रेंच शिकले होते, त्यामुळे बोलायचे ते सरकारी आमंत्रणासारखं. खरं जायचं होतं पॅरिसला, तिथल्या एका चर्चमधला ऑर्गन ऐकायला. त्या ऑर्गनची तान ऐकायची म्हणून आयुष्यभर पैसे साठवले, असं त्यांनी मला खिडकीवरच सांगितलं. पण आधी थोडं खरं फ्रेंच घर बघावं म्हणून आमच्याकडे. माझं पत्रक त्यांनी पाठ केलं होतं. बोंझूर तर ते कुत्र्यालाही म्हणत. कुत्रा एवेनचा होता, नाव मोर्गात. तो पाहुण्यांकडे ढुंकून बघत नसे. एवेन समुद्रावर असला की त्याच्या रिकाम्या खुर्चीखाली पडून राही.

राजांच्या सणाच्या रविवारी आर्मेलबाईंनी मलाही बोलावलं. टेबलाशी आम्ही चौघं : त्या, प्रॅटली, मी आणि शेजारचा जोब, म्हातारा खलाशी, ज्याला फक्त स्वतःच्या सोयीचं ऐकू येतं. घरात लहान मूल नसल्यामुळे सर्वांत धाकटा म्हणून मला टेबलाखाली जावं लागलं. रीतच तशी. वर तुकड्यावर सुरी ठेवून विचारतात, हा कुणाचा, आणि खालच्याने न बघता नाव घ्यायचं. एका तुकड्यात चिनीमातीची इवलीशी वस्तू दडवलेली असते. ज्याच्या दाताला ती लागेल तो राजा, आणि राजाने पुढची गालेत आणायची.

"एवढा मोठा घोडा टेबलाखाली," वरून जोब म्हणाला. "टेबल उचललं जाईल."

"हा कुणाचा?" आर्मेलबाई.

"जोबचा. सर्वांत लहान असेल तर."

"हा?"

"मस्यू प्रॅटलींचा."

असे चार झाले. मग त्या जरा थांबल्या. "आणि हा?"

राहिलं होतं कोण? मी समोर बघितलं. रिकाम्या खुर्चीखाली मोर्गात पडला होता, डोळे उघडे. मी म्हणालो, "हा दारातल्या परक्याचा." मी बाहेर आलो तेव्हा आर्मेलबाई तो तुकडा कापडात गुंडाळत होत्या आणि चुलीवरच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढत होत्या.

"एवेनचा," त्या मला हळूच म्हणाल्या, शेंगदाणे फोडावेत तसे शब्द फोडत. "दारातला परका तुमच्या गाईंकडे. इथे हा गैरहजर माणसाचा. तो परत येईपर्यंत डब्यात राहतो. रोज सकाळी उघडून बघायचा. कोरडा राहिला की माणूस बरा आहे. बुरशी धरली की..." पुढचं त्यांनी डब्याच्या झाकणावर सोडलं.

मी प्रॅटलींकडे बघितलं. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं. मी नको म्हणून मान हलवली. त्यांना वाटलं मी धीर देतोय.

ते उठून उभे राहिले. "आदरणीय मादाम," ते म्हणाले, "दारी आलेला परका मीच. तो तुकडा मला मिळावा अशी विनंती आहे."

जोबने ऐकू न आल्याचं सोंग घेतलं. आर्मेलबाईंचा हात डब्यावर होता. गैरहजराचा वाटा ठेवायचा, ही बंदराची रीत. पण तोंडाने मागणाऱ्याला राजांच्या दिवशी नाही म्हणायचं नाही, ही त्याहून जुनी, आणि ती गाईंच्या मुलखात आणि बंदरावर सारखीच. त्यांनी कापड सोडलं आणि तुकडा प्रॅटलींच्या बशीत ठेवला.

दुसऱ्याच घासाला दात वाजला. प्रॅटलींनी तोंडातून चिनीमातीचा कोंबडा काढला, नखाएवढा. सोनेरी कागदाचा मुकुट डोक्यावर चढवला. ते लाजले, खूश झाले. आणि तेव्हाच मोर्गात रिकाम्या खुर्चीखालून उठला, टेबलाखालून सावकाश आला आणि त्यांच्या डाव्या पायावर हनुवटी टेकून बसला.

"अरे वा," प्रॅटली म्हणाले. "बोंझूर."

आर्मेलबाईंनी ते बघितलं आणि सफरचंदाचं सायडर ओतायचं विसरल्या.

दुसऱ्या दिवशी एवेनच्या बोटीचा वायरलेस बंद झाला. आयर्लंडच्या बाजूला वादळ होतं. बोटीवर तिघं; कुणाचाच पत्ता नाही. बंदरात अशा बातमीवर कुणी बोलत नाही. फक्त पाववाली तुमची सुटी नाणी मोजून न घेता ठेवते, त्यावरून कळतं. मी आर्मेलबाईंकडे गेलो तेव्हा त्या चुलीसमोर बसल्या होत्या, मांडीवर उघडा डबा. आत काही नाही.

"दर सकाळी बघायला काहीतरी असायचं," त्या म्हणाल्या. "आता काय बघू, तुझा कागद?"

तेवढ्यात प्रॅटली जिन्यावरून खाली आले, बूट एका हातात.

"बोंझूर. क्षमस्व. माझ्या खोलीत गळती असावी. डावा मोजा ओला झाला आहे."

मी वर जाऊन पाहिलं. छत कोरडं, जमीन कोरडी, उजवा मोजा कोरडा. खाली आलो तर आर्मेलबाईंनी तो मोजा हातात धरला होता, घोट्यापर्यंत निथळत. त्यांनी बोट लावलं, जिभेला लावलं आणि मोजा शेजारून आलेल्या जोबकडे पुढे केला. जोबनेही चाखला. त्याला या वेळी सगळं ऐकू येत होतं.

"पाणी गोडं नाही," तो म्हणाला.

"जानेवारीत सगळंच दमट असतं," मी म्हणालो.

"तू लिहीत जा बाबा," जोब म्हणाला. "बोलू नकोस."

प्रॅटली आमच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना सांगावं लागलं. आर्मेलबाईंनी सांगितलं, एका दमात, कुणालाही दोष न देता. तुकडा कुणाचा होता आणि त्यात काय बघतात. प्रॅटली पांढरे पडले. मग त्यांनी खाली बघितलं. मोर्गात आला होता आणि त्या अनवाणी, ओल्या पायावर हनुवटी टेकून बसला होता.

"पाय गार आहे," ते म्हणाले, कॅसेट विसरून. "अगदी गार. आणि पायाखाली काहीतरी हलतंय. रात्रभर हलत होतं. मला वाटलं, प्रवासाचा शीण."

"वाटा खाल्ला," जोब म्हणाला, "आता त्याच्याबरोबरचंही खावं लागणार."

दुसऱ्या सकाळी मोजा पुन्हा ओला. पॅरिसची गाडी त्याच दुपारची होती. ऑर्गनवादन त्यानंतरच्या संध्याकाळी, वर्षातून एकदाच होणारं. प्रॅटलींची बॅग दाराशी होती. आर्मेलबाईंचा एक नियम होता : पाहुण्याला कधी थांबा म्हणायचं नाही, माणूस ओशाळतो. त्या दारापर्यंत गेल्या, बॅगेकडे बघत राहिल्या.

"मस्यू," त्या म्हणाल्या, "तुमचा पाय ओला होतो तोवर तो कुठेतरी आहे. तुम्ही गेलात तर मला काही कळायचं नाही. थांबाल?"

प्रॅटलींनी खिशातून तिकीट काढलं, त्याच्याकडे बघितलं, आणि माझ्या हातात दिलं. "हे बदलून आणता का? आणि बदलता नाही आलं तरी चालेल."

बदलता आलं नाही. मी ते त्यांना सांगितलं नाही.

ते एवेनच्या खुर्चीवर बसू लागले, आर्मेलबाईंनीच बसवलं. डावा पाय चुलीकडे, त्यावर कुत्र्याची हनुवटी. बाई तासातासाला मोजा बदलत आणि पिळून चुलीवरच्या तारेवर टांगत. भिंतीवर मिठाचे ओघळ उमटले. पायाचा रंग निळसर होत चालला होता. मी डॉक्टरांचं नाव काढलं, प्रॅटली म्हणाले, "डॉक्टर पाय चोळून गरम करतील. मग पलीकडे काय होईल?" पियानो दुरुस्त करणारा माणूस, एक तार ओढली की दुसरीला ताण बसतो, हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं.

बाईंनी सल्ले देणं बंद केलं होतं. मी मुद्दाम टेबलावर पाव पालथा ठेवला, निदान ओरडतील म्हणून. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मीच तो सुलटा केला.

आणि मग एका सकाळी मोजा कोरडा निघाला.

आर्मेलबाई तो हातात घेऊन खाली बसल्या. उलटा केला, आतून बघितला. कोरडा. मोर्गात पायावरून उठून दाराशी गेला होता. पाण्याबाहेर निघालेला माणूस कोरडा असतो, आणि ज्याला आता पाण्याचं काही वाटत नाही, त्याचंही तसंच असेल. हे आम्हाला चौघांनाही एकदम सुचलं. प्रॅटली म्हणाले, "अजून गार आहे, मादाम." ते कशाची खूण, कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुपारी बंदर कचेरीतून फोन आला. आर्मेलबाई उचलेनात म्हणून मी उचलला. एका आयरिश बोटीला तराफा सापडला होता. तिघंही जिवंत.

मी सांगितलं. आर्मेलबाईंनी मान हलवली, उठल्या, आणि टेबलाजवळून जाताना प्रॅटलींना म्हणाल्या, "मनगटं वर ठेवा. मांडीवर हात ठेवून काय बसता पाहुण्यासारखे." त्यानंतर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

एवेन घरी यायच्या आधीच प्रॅटलींना विमान गाठावं लागलं. निघताना ते पाववालीकडे गेले, राजा म्हणून गालेत आणायला. पण सकाळच्या संपल्या होत्या आणि गाडीची वेळ झाली होती. बाई म्हणाल्या, "सोडा. वाटा एवेनचा होता, तर राजाही तोच. तो आणेल."

एवेन आला तो उजव्या पायाची दोन बोटं गमावून. मी त्याला प्रॅटलींबद्दल काही सांगायच्या आत त्यानेच सांगितलं : तराफ्यात कमरेपर्यंत पाणी होतं, उजवा पाय मेला, पण डावा शेवटपर्यंत उबदार राहिला. "मोर्गात बसतो ना पायावर, तसा भार होता. मी हात लावून बघितला तर काही नव्हतं. त्या पायावर जोर देऊनच मी उभा राहिलो आणि झेंडा हलवला." मग गालेतचा विषय निघाला, तर तो म्हणाला, "मी कसला राजा? कोंबडा ज्याच्या दाताला लागला तो राजा. त्याने आणायची."

त्यामुळे ती गालेत अजून कुणी आणलेली नाही. प्रॅटलींचा वर्षातून एकदा फोन येतो. तिकडे जानेवारीत अंगाची लाही होते, आणि त्यांच्या डाव्या पायात लोकरीचा मोजा असतो. "पाय?" बाई विचारतात. "गारच," ते म्हणतात, "पण कोरडा." मग एवेन त्या वेळी समुद्रावर कुठे आहे ते प्रॅटलीच सांगतात, आणि आजवर ते चुकलेले नाहीत.

नव्या पत्रकातून मी ती शेवटची सूचना काढून टाकली होती. छापायच्या आधी बाईंना पत्रक दाखवलं, तर त्यांनी पेन मागितलं. "राहू दे ती," त्या म्हणाल्या. "नुसती पुरी कर." आणि खाली लिहिलं : ‘बेलाशक मागा. पण खाल्ल्यावर शेवटपर्यंत थांबा.’

मुकुट चुलीशेजारच्या खिळ्याला आहे, डब्याजवळ. या जानेवारीत मी पुन्हा टेबलाखाली गेलो, अजून मीच धाकटा. वर सुरी थांबली, त्यांनी विचारलं, "हा कुणाचा?" एवेन समोर बसला होता, त्याचे बूट मला दिसत होते. मोर्गात मात्र त्या बुटांपासून लांब, प्रॅटली पहिल्या दिवशी बसले होते त्या खुर्चीखाली पडला होता, आणि त्याची हनुवटी जमिनीला टेकलेली नव्हती. वीतभर वर होती, कुणाच्या तरी पायावर टेकावी तशी.

"आधी त्यांच्याकडे एक गालेत बाकी आहे," मी खालून म्हणालो.

"ते मला माहीत आहे," आर्मेलबाई म्हणाल्या. "तू नाव घे."